न्हाणीतला उजेड

टीचर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी न्हाणी बघायला मागत. पाण्याचा तांब्या समोर आला तर तो हातात घेऊनच आत जात. घरची माणसं गोंधळत. कुणी दोरीवरचे कपडे ओढून काढी, कुणी बादली पायाने सरकवी. टीचर तिकडे लक्ष देत नसत. दार लावून घेत आणि आतूनच प्रश्न विचारत. आंघोळ सकाळी की संध्याकाळी? उभ्याने की बसून? तोंड कुठल्या भिंतीकडे? मग पिशवीतून टेबल टेनिसचा पांढरा चेंडू काढून छातीच्या उंचीवर धरत आणि त्याच्या कुठल्या अंगाला सावली पडते ते पेन्सिलीने कागदावर उतरवत. एवढं झालं की बाहेर येऊन तांब्यातलं पाणी पीत.

स्तनाच्या कर्करोगात ज्यांचा स्तन काढावा लागला, अशा बायकांच्या छातीवर टीचर सुईने आणि शाईने स्तनाग्र काढत. भोवतालचं वर्तुळ, त्यावरचे बारीक उंचवटे, मधलं टोक, सगळं सपाट कातडीवर रंगवलेलं. नीट काढलं तर ते उठून आल्यासारखं दिसतं. नीट काढायचं म्हणजे एका बाजूला उजेड ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला सावली. आता उजेड कुठल्या बाजूला, हे कुणी ठरवायचं? टीचरांच्या मते न्हाणीच्या खिडकीने. बाई स्वतःला पुरती बघते ती न्हाणीत, दुसरी जागा तिला घरात असते कुठे, असं त्यांचं म्हणणं होतं. हरमलच्या किनाऱ्यावर ज्याच्याकडे त्या हे काम शिकल्या त्या गोंदणाऱ्याला हे पटलं नव्हतं. दुकानात जो दिवा असेल तो उजेड धरायचा, असं तो म्हणे. टीचरांनी त्याला विचारलं होतं की गिऱ्हाईक काय तुझ्या दुकानात आंघोळ करणार आहे?

त्या आता नाहीत. डिचोलीच्या शाळेत त्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली. वर्गात त्यांची एकच गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिलेली आहे. टेबलावर तांब्या किंवा नारळ ठेवून त्या चित्र काढायला लावत आणि मागून फिरत. कुणी तांब्याची सावली एका बाजूला आणि नारळाची दुसऱ्या बाजूला काढली की वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवत आणि विचारत, "तुझ्या घरात दोन सूर्य आहेत का रे?" पुढे तो मुलगा खाण कंपनीत लागो की पंचायतीत निवडून येवो, रस्त्यात भेटला की त्या त्याला तेच विचारत. डिचोलीच्या बाजारात चांगलं पोट सुटलेल्या माणसांना मी त्या प्रश्नाने खाली बघताना पाहिलं आहे.

बोलण्यावरून त्यांचा मूड कळे. रागावल्या की शुद्ध मराठी, एकेक शब्द खडूने लिहिल्यासारखा. खूश असल्या की घरची बोली. त्यामुळे शाळेत त्या बोलीत बोलू लागल्या की आम्ही सैल होत असू आणि त्यांनी "बाळांनो" म्हटलं की पाठ ताठ करत असू. स्कूटर चालवत, आणि उतरल्यावरही बराच वेळ हेल्मेट काढत नसत. बाजारात मासळी घेताना हेल्मेट, देवळाच्या पायरीपर्यंत हेल्मेट. डोक्यावर केस नव्हते तेव्हाची ती सवय होती. केस परत आले, पण सवय गेली नाही. विचारलं तर म्हणत, डोकं एकच आहे, दोन असती तर एक उघडं ठेवलं असतं.

शस्त्रक्रिया त्यांची स्वतःची आधी झाली. निवृत्तीला थोडा अवधी होता. पट्टी निघाल्यावर आरशात बघून त्या जे म्हणाल्या ते त्यांच्या बहिणीने मला सांगितलं: टीप बरी घातली आहे, पण चित्र अर्धं सोडलं. निवृत्त झाल्यावर पावसाळ्यात, पर्यटक नसतात तेव्हा, त्या स्कूटरने हरमलला जाऊन त्या दुकानात बसू लागल्या. गोंदणारा त्यांना सुई शिकवी आणि त्या त्याच्या भिंतीवरच्या सापांची आणि वाघांची हाडं कुठे चुकली आहेत ते त्याला दाखवत. दोघांचं कधी पटलं नाही. पण त्या गेल्या तेव्हा तो दुकान बंद करून डिचोलीला आला होता आणि स्मशानाच्या बाहेर शेवटपर्यंत उभा होता.

सराव त्यांनी केळ्यांवर केला. केळ्याची साल कातडीसारखीच हलक्या हाताची परीक्षा घेते, जास्त दाबलं की काळी पडते. सोप्यावरच्या मेजावर अख्खी फणी असे आणि प्रत्येक केळ्यावर एकेक स्तनाग्र. काही चपटी, काही तिरकी, काही इतकी खरी की बघणाऱ्याने नजर हलवावी. एकदा शाळेचे जुने हेडमास्तर वर्गणी मागायला आले. टीचरांनी त्यांना चहाबरोबर उंडो, म्हणजे गोल कडक पाव, दिला आणि वर एक केळं. हेडमास्तरांनी केळं बघितलं, टीचरांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून ते सोलून खाल्लं. सरांनी बरोबर ते खाल्लं ज्याला मी सर्वांत चांगले मार्क दिले असते, असं त्या पुढे सांगत.

केळ्यांनंतर पहिलं माणूस म्हणून त्यांनी स्वतःला घेतलं. आरशात बघून स्वतःच्या छातीवर. आरशात सगळं उलटं दिसतं, हात वळत नाही. जे झालं ते तिरकं झालं, चकण्या डोळ्यासारखं बाहेर बघणारं. ते दुरुस्त करून घ्यायला त्या तयार नव्हत्या. नवी बाई आली की ब्लाउजचे हूक काढून आधी तेच दाखवत. "हे बघ. वाईट काम कसं असतं ते आधी बघून घे. ह्याच्यापेक्षा वाईट तुझं होणार नाही." बहुतेक बायका त्या क्षणी हसत. ज्या रडत त्यांना त्या रडू देत. डॉक्टरची लेखी परवानगी नसेल किंवा व्रण अजून लाल असेल तर परत पाठवत, कितीही लांबून आली असली तरी.

नवऱ्यांना सोप्यावर बसायला मनाई होती. त्यांना बाजारात पातळ भाजी आणि पाव खायला पाठवलं जाई. फोंड्याचा एक नवरा मात्र गेला नाही. सभ्य माणूस, सरकारी नोकरीत. त्याने अदबीने सुचवलं की जमल्यास थोडं मोठं काढावं, पूर्वी तसंच होतं. टीचरांनी त्याच्या हातात खडू दिला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "पूर्वीचं तुम्हाला इतकं आठवतं आहे, तर आधी स्वतःचं आठवून काढा. शर्टाच्या आत न बघता. इथे जमिनीवर." तो खाली बसला. गोल काढला, पुसला, पुन्हा काढला. मग खडू ठेवून भाजीपाव खायला गेला. त्याची बायको आतून हे ऐकत होती. त्या दिवशी तिने काहीच काढून घेतलं नाही. पुन्हा आली तेव्हा एकटी आली, आणि व्रणावरून अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, हवा म्हणाली. टीचरांना फुलं काढायचा कंटाळा होता. तरी त्यांनी एकेक अबोली काढली. कोरं ठेवायचं असेल तर कोरं ठेव, वळेसर हवा तर वळेसर घे, पण कागद तुझा आहे, असं त्या म्हणत.

रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. परदेशी शाईच्या बाटल्यांवर कातडीचे जे रंग लिहिलेले असत ते आमच्याकडच्या कुणाच्याच कातडीचे नव्हते. त्यांनी स्वतः मिसळून छटा तयार केल्या. चिकू. भिंडां, म्हणजे वाळलेलं कोकम. सुपारी. आणि शिरगाव. शिरगावच्या खाणी चालू होत्या त्या काळात डिचोलीत दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर जो तांबूस तपकिरी थर बसे, तो रंग. आयुष्यभर साबणाने घासला तो निघाला नाही, आता कामाला आला, असं त्या म्हणत.

मी तेव्हा पणजीच्या एका दैनिकात होते. टीचरांवर बातमी करायची म्हणून गेले. त्यांनी तीन शब्द कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले आणि सांगितलं की हे वापरायचे नाहीत. पहिला होता झुंज. कुस्ती होती का, मी टेबलावर झोपून होते, त्या म्हणाल्या. दुसरा विजय. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, विजय कसला. तिसरा सौंदर्य. त्यावर त्यांनी काही स्पष्टीकरण दिलं नाही. नाव नको, फोटो नको, आणि ज्या बायका येतात त्यांच्यापैकी कुणाचं गाव नको. एवढं काढल्यावर बातमीत काही उरत नव्हतं. संपादकांनी ती घेतली नाही. पण जाणं-येणं सुरू राहिलं, आणि त्यामुळेच मी मामीला त्यांच्याकडे नेऊ शकले.

मामी म्हणजे माझ्या आईच्या चुलतभावाची बायको. पेडणे तालुक्यात, तुयेच्या पुढे त्यांचं घर. मामा खनिजाचे टिपर चालवायचे, खाणी बंद पडल्यावर वाळूचे चालवू लागले. मामी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिचा डावा स्तन काढला होता. घरात आणि वाड्यावर एवढंच सांगितलं होतं की गाठ काढली. कारखान्यात बायका एका खोलीत युनिफॉर्म बदलत. मामी बदलत नसे. घरूनच युनिफॉर्म घालून निघे आणि त्यातच परत येई. पदर, ओढणी, वर एक स्वेटर, चैत्रातसुद्धा.

मुलाचं लग्न ठरलं, मुलगी सावंतवाडीकडची. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. आणि लग्न ठरल्या दिवसापासून मामीला झोप नव्हती, कारण न्हाण.

हळदीच्या सकाळी आमच्याकडे अंगणात न्हाण घालतात. चार कोपऱ्यांवर चार तांबे, त्यांच्याभोवती सुताचा दोरा, मध्ये पाटांवर नवरा मुलगा आणि त्याचे आईबाप. पाच सवाशिणी हळद लावतात आणि वरून पाणी ओततात. सगळा वाडा बघायला जमतो. आई पातळ सुती साडी नेसलेली असते, आणि ती साडी भिजली की अंगाला चिकटते. मामीला न्हाणाचं सुख कधीपासून हवं होतं, कारण हा तिचा एकुलता मुलगा. आणि त्या ओल्या साडीत सगळ्या वाड्यापुढे बसायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

धाकट्या जावेने तोड काढली होती. जाऊ वाईट नव्हती, आजारपणात मामीचं सगळं तिनेच केलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं.

"वयनी, तुमका इतको वेळ थंडीत बसूक झेपाचा नाय. पाटार मी बसतंय. काकी आवशीसारखीच. कोण काय म्हणाचा नाय."

मामीने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मला तिने फोन केला तो गोंदण्यासाठी नव्हता. ओल्या साडीत दिसणार नाही असं काही कापडाचं आतून बांधायला मिळतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. मिळतं, मी सांगितलं. आणि टीचरांबद्दलही सांगितलं.  मामी म्हणाली, घेऊन ये.

श्रावणात मी टीचरांना घेऊन गेले. टीचरांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न्हाणी मागितली. आतून लगेच बाहेर आल्या.

"हिच्यात काळोख आहे. जनेल कुठे?"

जनेल होतं, म्हणजे खिडकी होती, डाव्या भिंतीला, डोक्याच्या वर. तिच्यावर पत्रा ठोकलेला होता. शस्त्रक्रियेनंतर मामीने मामांना सांगून तो ठोकून घेतला होता. तेव्हापासून ती दिवसाही काळोखात आंघोळ करत होती. टीचरांनी कारण विचारलं. मामी म्हणाली की तिथून शेजारच्या माडावर चढलेला पाडेली दिसतो, आणि आपल्याला दिसतो म्हणजे त्याला आपण दिसत असणार.

"पाडेली चढायच्या आधी हाक मारतो," टीचर म्हणाल्या. "हाक ऐकली की पाठ कर. नारळ पाडायला आलेल्या माणसासाठी वर्षभर काळोखात राहायचं काय कारण?"

सोप्यावर मामांची आत्या बसली होती. सगळं घर तिला आत्येच म्हणे. वय फार, नजर शाबूत, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुनं हिरवं गोंदण. तिला टीचर कशासाठी आल्या आहेत ते समजलं होतं आणि आवडलं नव्हतं. ती कुणाकडेही न बघता बोलली.

"जाव बसता तर बसूं दे. भंगलेली मूर्त देवळात कोण ठेवता?"

 जाऊ उठून आत गेली. मामी होती तिथेच उभी राहिली, हातात ट्रे. टीचरांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि अगदी शुद्ध मराठीत विचारलं:

"बरोबर आहे, आत्ये. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात. हिला कधी सोडूया? ओढ्याला सध्या पाणी बरं आहे."

आत्येने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आणि मामी हसली. ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या इतकी हसली. आजारपणानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मामांनीही, कारण ते अंगणातून आत आले आणि काय झालं विचारू लागले. टीचरांनी त्यांना पत्रा काढायला सांगितलं. मामांनी बायकोकडे बघितलं. तिने मानेने होकार दिला. त्यांनी स्टुलावर चढून खिळे उपटले आणि पत्रा गोठ्याच्या बाजूला नेऊन टेकवला. न्हाणीच्या भिंतीवर शेवाळ चढलं होतं, ते त्या उजेडात दिसलं. मामी लगेच काथ्या घेऊन ते घासायला बसणार होती, टीचरांनी तिला बाजूला केलं. चेंडू धरला. उजेड डाव्या हाताने येत होता, सावली उजवीकडे. त्यांनी ते टिपून घेतलं आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या.

डॉक्टरांची परवानगी आल्यावर मामीला मी डिचोलीला नेलं. तिने आधी टीचरांचा चकणा नमुना बघितला आणि पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते कळलं नाही. रंग ठरवायला टीचरांनी उजव्या बाजूशी छटा जुळवून बघितल्या. शिरगाव, त्यात दोन थेंब भिंडां. दोन्ही बाजू एका पातळीत येतात का ते त्या पुन्हा पुन्हा मापत होत्या, दूर जाऊन बघत होत्या, पुसून पुन्हा खूण करत होत्या. मग मशीन सुरू झालं.

काम करताना त्या बाईला बोलतं ठेवत. मामीला त्यांनी लग्नाच्या जेवणाचं विचारलं. मामी सांगत गेली. खतखतं किती भाज्यांचं, आंबाड्याची करम, सावंतवाडीच्या माणसांना आमचं गोड झालेलं चालतं की नाही, त्यावरून जावेशी झालेला वाद. टीचर मध्येच वाकून फडक्याने टिपत आणि पुन्हा सुई लावत. बराच वेळ गेल्यावर मामीने छताकडे बघतच विचारलं:

"टीचर, सुरू कधी करतलात?"

वर्तुळ अर्धं भरलं होतं. तिथल्या कातडीला संवेदना नव्हती. मामीला तोवर मशीनचा आवाज म्हणजे तयारी वाटत होती. टीचरांचा हात थांबला नाही.

"करतंय गो. तू खतखत्याचा सांग," त्या म्हणाल्या.

 मामीने डोळे मिटले. कानाकडे पाणी ओघळलं, ते टीचरांनी त्याच फडक्याच्या दुसऱ्या टोकाने पुसलं आणि काम चालू ठेवलं.

आरसा चाकांच्या स्टँडवर होता. टीचरांनी तो ढकलत खिडकीपाशी अशा कोनात नेला की उजेड मामीच्या डाव्या हाताने यावा, तिच्या न्हाणीत येतो तसा. मग तिला उभं केलं. मामी बघत राहिली. तिने बोट पुढे केलं, तेव्हा टीचरांनी हात धरला, ओलं आहे म्हणाल्या. मग स्वतःच हातमोजा चढवलेल्या बोटाने हलकेच दाखवलं की बघ, सपाट आहे.

"फसवलात," मामी म्हणाली.

"डोळ्यांक. हाताक फसवूंक माका येणा नाय," टीचर म्हणाल्या.

मामी आणखी थोडा वेळ आरशापुढे उभी राहिली. मग साडी सावरत तिने विचारलं की टीचर न्हाणाला येतील का. त्या येतो म्हणाल्या. कोण बसणार आहे पाटावर, हे त्यांनी विचारलं नाही. परतताना गाडीत मामीने ते मला सांगितलं. आतून बांधायचं ते कापड आता नको, हेही सांगितलं. त्याच संध्याकाळी तिने घरी सांगितलं. जावेपुढे, आत्येपुढे, भाजी निवडता निवडता.

"पाटार मीच बसतलंय."

जाऊ म्हणाली, लोक बघतील. मामी म्हणाली, बघायलाच बोलावतो आपण त्यांना.  आत्ये पुढचे दोन महिने त्या विषयावर काहीच बोलली नाही, आणि आत्येचं न बोलणं हे त्या घरात बोलण्यापेक्षा जड असे.

न्हाणाच्या सकाळी अंगण शेणाने सारवलेलं होतं. चार तांबे, सुताचा दोरा, तीन पाट. मामी पातळ पिवळी साडी नेसून आली आणि मुलाच्या उजव्या बाजूला बसली. बायकांनी गाणं धरलं. सवाशिणींनी हळद लावली. मग पाणी. पहिल्या तांब्याला मामीने डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले. साडी चिकटली. एक बाजू भरलेली, एक सपाट. वाड्यातल्या बायकांच्या गाण्यातला एक आवाज मध्येच गळला आणि पुन्हा मिळाला. कारखान्यातल्या दोघी मागे उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागली आणि दुसरीने तिच्या दंडाला चिमटा काढला. मामी बघत होती. तिने हात छातीवर घेतला नाही. हळदीने माखलेले दोन्ही तळवे गुडघ्यांवर, जसे ठेवले होते तसे राहिले.

न्हाण आटोपलं. जाऊ टॉवेल घेऊन धावत आली. खोली तयार ठेवली आहे, दार लावून घे, कुणी येणार नाही, असं ती हळू आवाजात सांगू लागली. कोरडी साडी आत बिछान्यावर काढून ठेवली होती.

"हंयच बदलतंय," मामी म्हणाली. "साडी घेवन ये."

पूर्वी बायका अंगणातच बदलत, चारजणी साडी ताणून आडोसा धरत. हल्ली कुणी बदलत नाही. कुणाला काय करावं सुचेना. मग सवाशिणींतल्या एकीने जुनी साडी आणली आणि धरली, दुसरीने टोक घेतलं. आडोशाच्या आत जाऊ होती, मी होते, टीचर होत्या. आणि काठी टेकत आत्ये आत शिरली, कुणी न बोलावता.

मामीने ओला पदर सोडला, ब्लाउज काढला. ऊन तिच्या अंगावर पडलं. व्रण आडवा, जुन्या दोरीसारखा फिकट, आणि त्याच्या वर शिरगावच्या रंगातलं ते वर्तुळ, पाण्याचे थेंब धरून. जावेने आधी खाली बघितलं. मग वर बघितलं. आजारपणात त्या जखमेची पट्टी तिनेच बदलली होती, पण हे तिने पाहिलं नव्हतं. आत्येने काठी बगलेत धरली आणि वाकून अगदी जवळून बघितलं. स्वतःच्या हातावरच्या हिरव्या गोंदणाकडे तिची नजर गेली, पुन्हा मामीकडे आली.

"दुखला?" तिने विचारलं.

"काय कळूक नाय," मामी म्हणाली.

आत्येने जावेच्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि मामीची पाठ पुसायला सुरुवात केली. जोरात, लहान पोराची पुसतात तशी. वारा आहे, ओल्याने किती वेळ उभी राहणार, ह्या बायकांना आडोसासुद्धा सरळ धरता येत नाही, असं ती बडबडत होती. बाहेरून हाका येत होत्या की वरमाय कुठे राहिली. मामीने घाई केली नाही. एकेक हूक लावला.

मामीचं अंग उघडं होतं तेव्हाच टीचरांनी पिशवीतून चेंडू काढला होता. कुठेही उजेड बदलला की त्यांचा हात आपसूक पिशवीत जाई. आडोशाच्या वरून येणाऱ्या उन्हात तो त्यांनी छातीच्या उंचीवर धरला. ऊन मामीच्या उजव्या हाताने येत होतं. चेंडूवरची सावली डावीकडे पडली. छातीवर काढलेली सावली उजवीकडे होती. मलाही ते दिसलं. चित्रकला तेवढी त्यांनीच शिकवली होती. पुन्हा बसवून थोडी सावली दुरुस्त करता येईल का, असं मी त्यांना हळू विचारलं.

त्यांनी चेंडू पिशवीत टाकला.

"हिची न्हाणी बगलंय मी. आंगण बगूक नाय," त्या म्हणाल्या. मामी आडोशातून बाहेर पडत होती, तिच्या पाठीकडे त्या बघत होत्या. "दोन सूर्य जाले गो. जावं दी."